बिलावर कस्टमर म्हणून तुझंच नाव येणार

पत्र असं आहे:

"काका, मी कागल तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. यंदा बी.कॉम. झालो. कॉलेजातल्या मैत्रिणीनं राजारामपुरीतल्या एका ऑफिसात इंटरव्ह्यूला नेलं. वॉटर फिल्टर आणि हेल्थ प्रॉडक्ट विकायचे, पोस्ट सेल्स एक्झिक्युटिव्ह, महिना १८,००० फिक्स, वर इन्सेन्टिव्ह. आम्ही पंचवीस जण होतो, सगळे सिलेक्ट झालो. आता १२ दिवसांचं ट्रेनिंग आहे, त्याची फी १४,५०० आणि १८ टक्के जीएसटी धरून १७,११०. सहा महिने काम केलं की फी परत देतात म्हणे. सीट बुकिंगचे १,००० मी तिथंच फोनवरनं भरलो, बाकीचे शनिवारपर्यंत भरायचेत. नसतील तर ईएमआय करून देतो म्हणतात. मार्कशीट ओरिजिनल मागितलंय. बाबा दूध सोसायटीतनं उचल घ्यायला तयार झालेत. मैत्रीण दोन महिने झाले तिथंच आहे आणि ती माझ्याशी खोटं बोलणार नाही. आई एकटी म्हणते नोकरीला पैसे कशाला भरायचे. भरू का नको ते सांगा."

(पोरगी आहे हो, पण कोल्हापूरची, त्यामुळं "मी भरलो, मी झालो" असंच लिहिलंय, मी त्याला हात लावलेला नाही. नाव आणि गाव मात्र काढलंय.)

पोरी, तुझ्या आईनं एका वाक्यात जे विचारलं त्यावर मी आता पानभर लिहिणार, म्हणजे आई बरोबर आहे हे आधीच सांगून मोकळा होतो. भरू नको. शनिवार येऊ दे आणि जाऊ दे.

आता का, ते सांगतो, कारण नुसतं "भरू नको" म्हणून सोडलं तर सोमवारी तिथनं फोन येणार आणि समोरचा माणूस माझ्यापेक्षा गोड बोलणार, त्याचा धंदाच तो आहे.

तू १८ टक्के जीएसटीचं लिहिलंस ना, मी तिथंच थांबलो. जीएसटी कशावर लागतो? विकलेल्या मालावर नाहीतर सेवेवर. कामावर ठेवलेल्या माणसाकडनं कुणी जीएसटी घेतं का? म्हणजे उद्या ह्यांनी खरंच बिल फाडलं (फाडणार नाहीत, पण समज फाडलं) तर त्या बिलावर कस्टमर म्हणून तुझं नाव येणार. तुला वाटतंय आपण विकायला चाललोय, आणि ह्यांचा सेल तर झाला पण, तू त्या हॉलमध्ये बसून १,००० रुपये पाठवलेस तेव्हाच. फिल्टर हे नुसतं टेबलावर ठेवायला.

जरा हिशोब करू, तू बी.कॉम. आहेस, मला चूक काढशील. पंचवीस जण गुणिले १४,५०० म्हणजे ३,६२,५००, एका बॅचचे. महिन्याला एकच बॅच धरली तरी वर्षाचे ४३,५०,००० होतात. खर्च काय तर हॉलचं भाडं, एक प्रोजेक्टर, टाय लावलेली दोन पोरं आणि चहा. आता दुसरी बाजू बघ. ह्या पंचवीस जणांना खरंच १८,००० पगार द्यायचा म्हणलं तर महिन्याला साडेचार लाख नुसता पगार. एका फिल्टरमागं सगळं जाऊन दोन हजार सुटले असं धरलं तर २२५ फिल्टर फक्त पगार निघायला विकायला लागतील, एक रुपया नफा न होता. आणि पुढच्या महिन्यात परत पंचवीस जण आले की ४५०. अख्ख्या राजारामपुरीतल्या पहिल्या गल्लीपासनं चौदाव्या गल्लीपर्यंत घरटी एक फिल्टर लावला तरी हे गणित किती महिने चालणार सांग बघू? म्हणून तर पंचवीसच्या पंचवीस सिलेक्ट होतात, फी भरणाऱ्याला नापास कोण करतंय.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात मला दिसलीच नाही. तुला गाडी चालवता येते का, लायसन आहे का, हे कुणी विचारलं का? मी सत्तावीस वर्षं सेल्समध्ये काढली, पहिल्यांदा साबण-बिस्किटं, मग पंपाचे पार्ट, शेवटी खतं-औषधं. आपल्याकडं फिल्डवरच्या सेल्सच्या इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न "टू-व्हीलर हाय का" हाच असतो, दुसरा "कुठली लाईन माहितीय, कागल का गडहिंग्लज", आणि आपण विचारायचं ते "पेट्रोलचं काय". टीए-डीए वर (म्हणजे प्रवासखर्च आणि रोजचा भत्ता) तासभर घासाघीस चालते. तुझ्या इंटरव्ह्यूत पेट्रोलचा विषय निघाला नाही म्हणजे तुला कुठं पाठवायचा त्यांचा विचारच नाही.

आता माझंपण ऐकून घे, नाहीतर म्हणशील काका वरनं बोलतोय. १९९७ साली मी असेच २,५०० भरले होते. तेव्हाचे २,५००! स्टेशन रोडला एका लॉजच्या हॉलमध्ये मीटिंग होती, कंपनीचं नाव सांगत नाही, आता ती राहिली पण नाही. स्टीलचा किचन सेट विकायचा आणि भरलेले पैसे "किट डिपॉझिट", परत मिळणारे. तीन दिवस ट्रेनिंग. पहिल्या दिवशी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या दिवशी एकानं रडत रडत सांगितलं की तो कसा गरीब होता आणि आता कशी गाडी घेतली, आणि तिसऱ्या दिवशी एक कोरी वही दिली आणि म्हणाले ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिहा. मामा, आत्या, शाळेतले मास्तर, शेजारी, सगळे. मी भाबडेपणानं १०४ लिहिली. हेच त्यांचं ट्रेनिंग होतं बघ, दुसरं काही नाही. गडहिंग्लजच्या मामानं एक सेट घेतला, निपाणीच्या आत्यानं एक, शेजारच्या काकूंनी एक, आणि आमच्या तालमीतल्या वस्तादांनी एक घेतला तो माझ्या तोंडाकडं बघून. चार सेट, दीडशे रुपये कमिशनप्रमाणं ६००. डिपॉझिट परत पाहिजे तर २५ सेटची अट, ती कागदावर मागच्या बाजूला होती. दिवाळीनंतर गेलो तर ऑफिसला कुलूप. त्या किटमधला झारा अजून आमच्या घरी आहे, बायको त्यानंच भजी काढते आणि एखादा पाहुणा आला की मुद्दाम सांगते, "हा अडीच हजाराचा झारा."

तेव्हा तुझ्या ट्रेनिंगमध्ये नावांची यादी लिहायला लावली तर समजून जा.

"सहा महिन्यांनी परत" ह्याच्यावर पण बोलायला पाहिजे कारण बाबा तेवढ्यावरच विरघळलेले दिसतात. परत म्हणजे कुणी काय केल्यावर परत? नुसतं सहा महिने हजर राहिल्यावर का टार्गेट पूर्ण केल्यावर? कागदावर बघ, "टार्गेट अचीव्ह केल्यास" असं कुठंतरी असणार, आणि टार्गेट ठरवणार तेच. शिवाय त्या कागदात तुला एम्प्लॉयी म्हणलंय का "बिझनेस असोसिएट", "फ्रीलान्सर", "पार्टनर" असलं काहीतरी, ते नीट वाच. १८,००० फिक्स पगार असता तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, आलंच असतं, दहा किंवा जास्त माणसं कामावर असली आणि पगार २१,००० पर्यंत असला की ते लागू होतं, तुझ्या पगारातनं पाऊण टक्का म्हणजे १३५ रुपये कापणार आणि सव्वातीन टक्के मालक भरणार. वीस माणसं असली की पीएफ. त्यांना सहज विचार, "सर, माझा ईएसआयसी नंबर ट्रेनिंगनंतर लगेच येणार का?" आणि तोंड बघ.

दुसरी एक ट्रिक सांगतो, ही मी बऱ्याच पोरांना सांगितलीय. त्यांना म्हण, फी मला मान्य आहे, तुमचं ट्रेनिंग भारीच असणार, फक्त बाकीचे १६,११० माझ्या पगारातनं कापा. महिना २,७०० प्रमाणं सहा महिन्यांत १६,२०० होतात, वरचे ९० तुम्हाला चहाला. पगार खरंच देणार असेल तर माणसानं ह्याला नाही म्हणायचं कारणच काय? पैसे त्यांच्याच हातात आहेत की. जो पगार देणारच नाही त्याच्याकडं मात्र कापायला काही नसतं, म्हणून तो "कंपनी पॉलिसी" म्हणतो. (ही फक्त परीक्षा आहे हां, समजा ते हो म्हणाले तरी आधी पुढचं वाच.)

कुठल्याच सेल्सच्या कामाला एक पैसा पण लागत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. विमा विकायचा तर परवाना लागतो, त्यातल्या पीओएसपीला (साध्यासोप्या पॉलिसी विकणारा माणूस) १५ तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा, दहावी पास चालते. म्युच्युअल फंड विकायचे तर एनआयएसएम ह्या सेबीच्या संस्थेची परीक्षा, तिची फी आणि मग एआरएन, म्हणजे विकणाऱ्याचा नोंदणी नंबर. पण ती फी परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडं जाते, तिच्या वेबसाईटवर उघड लिहिलेली असते, आणि तो पास झाल्याचा कागद तुझा असतो, उद्या ही कंपनी सोडून दुसरीकडं गेलीस तरी तो चालतो. टॅलीचा कोर्स तसाच, टायपिंगचा तसाच. आधी कोर्स आणि मग नोकरी असं काही बँका पण करतात, ते बरंच महाग पडतं, घ्यावं का नाही हा वेगळा विषय, पण तिथं फी किती ते बँकेच्या स्वतःच्या साईटवर असतं आणि पैसे कुणा सरांच्या फोनवर जात नाहीत. तुझ्या त्या १२ दिवसांत काय शिकवणार? त्यांचा फिल्टर कसा चालतो. ते ज्ञान त्यांच्याशिवाय कुणाच्या कामाचं? मग त्याचा खर्च कुणी करायचा?

माझं खरं ट्रेनिंग लक्ष्मीपुरीतल्या एका डिस्ट्रिब्युटरकडं झालं, किचन सेट आपटल्यावर दोन महिन्यांनी. पगार १,२००, पहिल्या दिवसापासनं. एका जुन्या सेल्समनच्या एम-८० वर मागं बसून आठ दिवस जयसिंगपूर-शिरोळ लाईन फिरलो. तो फार बोलायचा नाही. एवढंच म्हणायचा, दुकानात शिरलं की आधी रॅक बघायचा आणि मग मालकाचं तोंड. आपला माल पुढं आहे का मागं ढकललाय, एक्स्पायरी कुठली, शेजारच्या कंपनीचं नवीन काय आलंय, ते बघून मगच नमस्कार. आणि उधारीचं विचारायचं ते ऑर्डर लिहून झाल्यावर, आधी नाही. हे मला अजून उपयोगी पडतं, आणि ह्याचे कुणी १४,५०० घेतले नाहीत. तालमीत पण बघ की, खुराकाचा खर्च आपला आपण करायचा हे खरं, पण नवीन पोराला दारातच "तू केसरी होणार, आत्ता सतरा हजार भर, शनिवारपर्यंत" असं म्हणणारा वस्ताद कोल्हापुरात कुणी बघितलाय का?

आता तुझ्या १,००० चं. ते कुणाच्या नावावर गेले ते फोनमध्ये बघ. कंपनीचं नाव दिसतंय का कुणा माणसाचं? जीएसटी लावतो म्हणणारा पैसे स्वतःच्या खात्यावर घेत असेल तर तिथंच सगळं कळलं. तरी त्यांना जीएसटी नंबर माग. पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी साईटवर लॉगिन न करता टाकून बघता येतो, नाव, पत्ता, कधी काढलाय, चालू आहे का रद्द, सगळं दिसतं. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड म्हणत असतील तर कंपनी खात्याच्या साईटवर पण नाव सापडायला पाहिजे. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं शॉप ॲक्ट आणि उद्यमचं सर्टिफिकेट बघून मात्र भुलू नको, उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, तर फुकटात स्वतःच माहिती भरून घरबसल्या निघतं, माझ्या पुतण्यानं मोबाईल कव्हरच्या गाड्यासाठी काढलंय.

पैसे परत फोनवर मागू नको, व्हॉट्सॲपवर लिहून माग: अमुक तारखेला १,००० पाठवले, मला ट्रेनिंग घ्यायचं नाही, परत करा. दोन ओळी, शिव्या नाहीत, रडणं नाही. त्यांनी काय उत्तर दिलं, नाही दिलं, स्क्रीनशॉट काढून ठेव. हजार रुपयांसाठी कोण मागं लागतंय असं त्यांना पण वाटतं आणि आपल्याला पण वाटतं, त्याच्यावरच तर हे चालतं. नाही दिले तर १९३० ला फोन कर, तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जितका लवकर करशील तितकं बरं. राजारामपुरी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दे. फसवणूक म्हणजे पूर्वीचं ४२०, ते १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहितेत ३१८ कलमात गेलंय, पोरं अजून चारशेवीसच म्हणतात. आणि एक गंमत बघ, हे लोक अडचणीत आले की म्हणणार ती आमची कर्मचारी नव्हतीच. बरं, नव्हती ना? मग ती तुमची ग्राहक, तुम्ही तिला ट्रेनिंग विकलंय, चला ग्राहक आयोगात. ग्राहक हेल्पलाईन १९१५. आणि जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, वकील पण सक्तीचा नाही.

ईएमआयचं वाचून मात्र माझ्या पोटात गोळा आला. "नसतील तर ईएमआय करून देतो" म्हणजे ते स्वतःच्या खिशातनं उधार देत नाहीत, कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं लोन तुझ्या नावावर काढतात. पैसे एकदम त्यांना मिळाले, ते मोकळे झाले. उद्या ऑफिसला कुलूप लागलं तरी हप्ता तुझ्या खात्यातनं जात राहणार, आणि हप्ता चुकला की सिबिल खराब, आणि मग तीन वर्षांनी भावाच्या गाडीच्या लोनला तू जामीन राहायला गेलीस की बँकेत कळणार. फोन त्यांच्या हातात देऊन "मॅडम, ओटीपी आला का बघा" असं झालंय का आठव. झालं असेल तर तुझा क्रेडिट रिपोर्ट काढून बघ, वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आधार-पॅनच्या झेरॉक्स दिल्या असशील तर त्यावर आता काही करता येत नाही, पण आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेव आणि संचार साथी ह्या सरकारी साईटवर बघ की तुझ्या नावावर दुसरं कुठलं सिम निघालंय का. पुढं झेरॉक्स द्यायची वेळ आली तर त्यावर आडवं लिहायचं, कशासाठी दिली, कुणाला, तारीख. सॅलरी अकाउंटच्या नावाखाली पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम एकत्र मागितलं तर मागं वळून न बघता जिना उतर.

ओरिजिनल मार्कशीट द्यायचं नाही. ह्यावर चर्चा नाही. दाखवायचं, झेरॉक्सशी ताडून बघू द्यायचं, परत पिशवीत.

आता मैत्रिणीचं, कारण खरी अडचण तीच आहे. फी, जीएसटी हे तुला पण कळलंच असतं, पण ती म्हणाली म्हणून तू गेलीस. ती खोटं बोलणार नाही असं तू लिहितेस आणि मला ते पटतंय. १९९७ ला ज्यानं मला त्या हॉलमध्ये नेलं तो माझा जिवाभावाचा दोस्त होता, आजपण आहे. त्यानं २,५०० भरले होते आणि ते काढायचा एकच रस्ता त्याला दाखवला होता, तो म्हणजे मी. मला त्यानं तसं सांगितलं नाही. स्वतःला पण सांगितलं नसणार, त्याला मनापासनं वाटत होतं की दोघं मिळून मोठे होऊ.

तिला रंकाळ्यावर भेळ खायला बोलाव. ऑफिसात नको, तिथल्या कुणाला बरोबर आणू नको म्हण. एकच विचार: दोन महिन्यांत पगाराचे किती मेसेज आले बँकेचे, दाखव की. फिल्टर विकून किती मिळाले आणि माणसं आणून किती? मिळकत माणसं आणल्यावरच होत असेल तर त्याला सेल्स म्हणत नाहीत, त्यासाठी १९७८ चा मनी सर्क्युलेशनवर बंदीचा कायदा आहे आणि डायरेक्ट सेलिंगचे २०२१ चे नियम आहेत, त्यात अशी पिरॅमिड स्कीम चालवायला सरळ मनाई आहे. हे तिला धमकी म्हणून सांगू नको, पण सांग, कारण उद्या पंचवीस पोरांचे आई-बाप आले तर ऑफिसातले सर दिसणार नाहीत, गावात राहणारी तीच दिसणार. तिला राग येईल. कदाचित चार महिने बोलणार नाही. येऊ दे, तिलापण तिचे पैसे मागायला कुणीतरी बरोबर लागणारच आहे, तेव्हा तू जा.

आणि तू म्हणशील काका, एवढं सगळं नको म्हणालात, मग मी करू काय, घरी बसू? नाही. सेल्स वाईट नाही, माझी दोन पोरं त्यावर शिकली. महाद्वार रोडला, गुजरीत, गांधीनगरला काउंटरवर माणसं लागतात, सणाच्या आधी तर जास्तच. साडीच्या दुकानात पहिला महिना नुसत्या घड्या घालायला लावतील, कंटाळा येईल, पण घड्या घालताना शेजारची जुनी बाई गिऱ्हाइकाला काय बोलते ते कानावर पडतं, आणि महिना संपला की पाकीट मिळतं. फिल्डवरच जायचं असेल तर लायसन काढ आणि लक्ष्मीपुरी, शाहूपुरीतल्या डिस्ट्रिब्युटरांकडं सरळ जाऊन विचार, ऑर्डर बुकिंगला पोरी पण घेतात आता. तू बी.कॉम. आहेस तर शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सेल्स कोऑर्डिनेटर म्हणून पण जागा निघतात, ऑफिसात बसून ऑर्डर, बिलिंग, डिस्पॅच बघायचं, पुढं मग मार्केटिंगला जाता येतं.

सरकारी रस्ता पण बघ. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र कोल्हापुरात आहे, महास्वयम् पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. अप्रेंटिसशिप तर १९६१ च्या कायद्यानं चालते, त्यात शिकणाऱ्याला स्टायपेंड द्यायलाच लागतो. राज्यानं २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली तेव्हा बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० महिना विद्यावेतन ठेवलं होतं, आता तुझ्या भागात कुठं जागा आहेत ते त्या केंद्रातच विचार. म्हणजे शिकायचे पैसे मिळायचे रस्ते असताना आपण शिकायचे पैसे भरायला निघालोय.

मला माहितीय, तुला ह्या सतरा हजारांपेक्षा जास्त टोचतंय ते "लागली का नोकरी" हे. एसटीत विचारतात, दळपाच्या गिरणीत विचारतात, लग्नात तर हमखास. "राजारामपुरीत ऑफिस आहे" हे सांगायला किती बरं वाटलं असेल हे मला कळतंय, मी पण टाय घालून घरी गेलो होतो. कुणी विचारलं तर सांग, इंटरव्ह्यू चालू आहेत. खरंच चालू ठेव.

त्या ऑफिसात परत जायचं नाही. फोन आले तर एकदाच "नको" म्हण, कारण सांगत बसू नको, तुझ्या प्रत्येक कारणाला त्यांच्याकडं उत्तर तयार असतं, ते मात्र खरंच ट्रेनिंगमध्ये शिकवतात. आणि बाबांनी उचलीचं सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून ठेवलं असेल तर उद्या सकाळी दूध घालायला जाशील तेव्हाच नको म्हणून सांग, दहा दिवसांच्या बिलातनं कापायला लागायच्या आत.